शाळेच्या बागेतील फुलपाखरे

श्रोतेहो, शाळेच्या अंगणात फुले फुलली म्हणजे फुलपाखरे आपोआप येतील, असे आपल्याला वाटते. येतातही; पण पाहुण्यासारखी. मध पितात आणि निघून जातात. ती आपल्याकडेच नांदावीत म्हणून काय करावे, तेवढेच आज सांगायचे आहे.

आधी फुलांचे पाहू. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस बियांपासून सहज येतात. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की भरपूर उन्हाच्या जागी गादीवाफा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. मातीत कुजलेले शेणखत मिसळा. चार-चार बोटांवर रेघा ओढून बी पातळ पेरा आणि वर मातीचा हलका थर द्या. बी खोल गेले तर उगवायला कठीण. पावसाने ओढ दिली तर झारीने पाणी घाला. आठवडाभरात कोंब दिसतील. रोपे चार-सहा पानांची झाली म्हणजे संध्याकाळी दीड-दीड वितीवर लावा. कॉसमॉस जागच्या जागी पेरला तरी चालतो. श्रावण-भाद्रपदात फुले येतील. शक्यतो एकेरी पाकळ्यांची जात घ्या. गच्च भरलेल्या फुलात फुलपाखराची सोंड मधापर्यंत नीट पोचत नाही.

हे झाले पाहुण्यांचे. आता घरच्यांचे. फुलपाखरू मध पिते, पण त्याची अळी पाने खाते. आणि तीही वाटेल ती नव्हे. म्हणून मादी ठरावीक झाडावरच अंडी घालते. लिंबू आणि कढीपत्ता ही अशीच झाडे. तेथे पानावर पाखराच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर जवळून पाहा. ती अळी असेल! मोठी झाल्यावर ती हिरवी होते. डिवचले की डोक्यामागून लालसर दुबेळके काढून उग्र वास सोडते. रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसते. रुई मुद्दाम लावायला नको. बांधावरची उपटली नाही, म्हणजे झाले. मात्र तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आपण काय करतो? पाने कुरतडलेली दिसली की म्हणतो, "कीड लागली!" अळ्या चिरडतो, औषध फवारतो. आणि पुढे विचारतो, यंदा फुलपाखरे का नाहीत?

शेतकरी बंधूंनो, लिंबाच्या कोवळ्या रोपांचे ही अळी नुकसान करते, हे खरे आहे. तेथे तुम्ही राखण करणारच. पण शाळेतले एक लिंबाचे झाड या लेकरांसाठी सोडायला काय हरकत आहे? तेथे फवारणी नको. मोठ्या झाडाला पुन्हा पालवी फुटते. महाराष्ट्राने 2015 साली 'नीलवंत' हे राज्य-फुलपाखरू ठरवले. त्याची अळीदेखील लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते.

गुरुजी, बाई, एक करा. मुलांना अंडे सापडले की त्या फांदीला दोरा बांधा आणि रोज काय दिसते ते वहीत लिहायला सांगा. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू, हा सगळा प्रवास साधारण महिनाभराचा. काही अळ्या पाखरे टिपतील. तेही मुलांनी पाहावे. पण ज्या मुलाने एकदा कोषातून ओले पंख बाहेर येताना पाहिले, ते पुन्हा अळीवर पाय देणार नाही.