पट्टी सुटल्यानंतर



एका अमेरिकन कार्टून मालिकेतला एक भाग, जाहिराती वगळल्या तर जेमतेम बावीस मिनिटांचा, शनिवारी सकाळी घरी असलेल्या मुलांसाठी केलेला. त्यावर सुजाण श्रोत्यांचा तासभर वेळ घ्यावा का, असे कुणी विचारील. घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पूर्वग्रह आपण मुलांना समोर बसवून शिकवत नाही. जेवताना, पाहुणे उठून गेल्यावर, सोयरिकीच्या बोलण्यात तो त्यांच्या कानांवर पडतो. मग त्याच वयात त्याच्या विरोधातले काय कानांवर पडते, हेही तेवढ्याच गांभीर्याने पाहायला हवे.

मालिकेचे नाव 'एक्स-मेन'. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ती अमेरिकेत 'फॉक्स किड्स'वर सुरू झाली आणि १९९७ पर्यंत तिचे ७६ भाग झाले. मूळ चित्रकथा १९६३ सालची, स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीची. काही माणसे शरीरात वेगळेपण घेऊनच जन्माला येतात, वयात येताना ते वेगळेपण उघड होते, आणि बाकीचा समाज त्यांना 'म्यूटंट' म्हणून भितो, झिडकारतो, अशी तिची कल्पना. १९६३ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्यातले, बर्मिंगहॅमच्या आंदोलनाचे आणि वॉशिंग्टनच्या मोर्चाचे वर्ष. सुरुवातीच्या अंकांत त्या लढ्याचे पडसाद पुसटच होते. १९७५ मध्ये ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने या कथांचे लेखन हाती घेतले, आणि पुढच्या काळात वंशद्वेष हा त्यांचा कणाच झाला.

यातले एक पात्र हँक मॅकॉय. त्याला 'बीस्ट' म्हणतात. अंगभर दाट निळे केस, भलेमोठे पंजे, बाहेर डोकावणारे सुळे, आणि बोलणे मात्र एखाद्या प्राध्यापकाचे. शास्त्रज्ञ, वैद्यक जाणणारा, वाचनाचा नादी. पहिल्या पर्वातला बराचसा काळ तो तुरुंगात आहे. बंडखोर म्यूटंट मॅग्नेटो भिंत फोडून त्याला सोडवायला येतो, तेव्हा तो निघून जायला नकार देतो. आपला निवाडा कायद्याने व्हावा, असा त्याचा आग्रह. तो कोठडीत बसून जॉर्ज ऑर्वेलचे 'अ‍ॅनिमल फार्म' वाचतो, हे लहान मुलांच्या मालिकेत दाखवायची हिंमत करणाऱ्या लेखकांबद्दल मला आदर आहे.

आज ज्या भागाबद्दल बोलायचे तो दुसऱ्या पर्वातला, १९९४ च्या सुरुवातीचा. नाव 'ब्यूटी अँड द बीस्ट'. हँक एका रुग्णालयात काम करतो आहे. कार्ली नावाच्या अंध तरुणीला दृष्टी यावी म्हणून जे उपचार चालले आहेत, त्यांत त्याचा हात आहे. दोघे एकमेकांवर प्रेम करू लागतात. तिच्या वडिलांना आपल्या मुलीवर म्यूटंटने उपचार करावेत हेच सहन होत नाही, मग पुढचे तर दूरच. 'फ्रेंड्स ऑफ ह्युमॅनिटी' नावाची म्यूटंटद्वेषी टोळी रुग्णालयावर हल्ला करते. पुढे ती कार्लीला पळवते आणि हँक तिला सोडवून आणतो.

या बापाकडे नीट पाहा. तो गुंड नाही. मुलीच्या काळजीने रुग्णालयात येणारा, नीटनेटका, मध्यमवर्गीय माणूस. टोळीतल्या लोकांचा राग आपल्याला सहज येतो, कारण त्यांच्या हातात शस्त्रे आहेत. या बापाच्या हातात काही नाही. त्याच्यापाशी फक्त हक्क आहे, 'माझी मुलगी' असे म्हणण्याचा. मुलीचे डोळे उघडतील की नाही यापेक्षा ते कुणाच्या हातून उघडतील, याची त्याला जास्त चिंता आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसूनही जो विचार माणसाला सोडत नाही, तो किती आत रुजलेला असेल!

आता कार्लीच्या अंधत्वाकडे येतो, कारण माझ्या मते या भागाची खरी परीक्षा तिथे आहे. अंध मुलगी आणि जगाने नाकारलेला पुरुष ही जोडी जुनी आहे. चॅप्लिनच्या १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्ये फुले विकणारी अंध मुलगी भणंगाला श्रीमंत समजते. १९६२ साली ली आणि कर्बी यांनीच 'फँटॅस्टिक फोर'मध्ये दगडी अंगाच्या बेन ग्रिमला अ‍ॅलिशिया मास्टर्स ही अंध शिल्पकार प्रेयसी दिली. १९६५ चा 'अ पॅच ऑफ ब्लू' तर थेट वंशभेदावरच. त्यात एक अंध गोरी मुलगी सिडनी पॉइतिए या कृष्णवर्णीय नटाने साकारलेल्या गॉर्डनच्या प्रेमात पडते. दोघांच्या चुंबनाचा प्रसंग दक्षिणेकडच्या चित्रपटगृहांसाठी कापावा लागला होता.

या सगळ्या कथांमागे एक भाबडी समजूत आहे. पूर्वग्रह डोळ्यांत असतो, डोळे नसले की मन आपोआप निर्मळ राहते. मला हे पटत नाही, आणि अंध माणसांनाही ते पटणार नाही. कार्ली त्याच बापाच्या घरात वाढली आहे. म्यूटंटांबद्दल तो जे बोलत आला, ते तिने ऐकलेच असणार. तिने हँकवर प्रेम केले ते ऐकलेले बाजूला सारून केले. हे तिचे कर्तृत्व आहे, ते तिच्या अंधत्वाच्या खात्यावर जमा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. आपल्याला तर हे चटकन कळायला हवे. आपल्याकडचा भेद मुळात डोळ्यांना दिसतच नाही. तो आडनावात ऐकू येतो. 'कुठले तुम्ही? मूळ गाव कोणतं? पाहुणे कोण?' या तीन प्रश्नांत आपल्याकडे ज्याला दिसत नाही त्यालाही सगळे दिसते.

म्हणूनच या भागातला पट्टी सुटण्याचा क्षण मोलाचा आहे. उपचार यशस्वी होतात. कार्लीला दिसू लागते. समोर हँक आहे, निळ्या केसांचा, सुळ्यांचा. आणि ती मागे सरत नाही. तिचे प्रेम तसेच राहते. याच नावाची मूळ परीकथा आठवा. फ्रान्सच्या व्हिलनेव्हबाईंनी ती १७४० मध्ये लिहिली, बोमाँबाईंनी १७५६ मध्ये ती आटोपशीर केली, डिस्नेने १९९१ मध्ये तिचा चित्रपट केला. तिन्ही ठिकाणी मुलीने प्रेम कबूल केल्यावर त्या श्वापदाचा देखणा राजपुत्र होतो. म्हणजे मुलीच्या समजूतदारपणाचे बक्षीस काय, तर नवरा चारचौघांत शोभेल असा निघतो. त्या चित्रपटानंतर दोन-तीन वर्षांतच आलेल्या या कार्टूनमध्ये हँकचा राजपुत्र होत नाही. तो आहे तसाच राहतो आणि तसाच आवडतो. शनिवार सकाळच्या कार्यक्रमाने परीकथेला दिलेले हे उत्तर मला फार मोठे वाटते.

आणि लगेच पुढच्या क्षणी लेखकांचे धैर्य ओसरते. हँक तिला नाही म्हणतो. माझ्यासोबत राहिलीस तर तुझ्या जिवाला कायमचा धोका, हे त्याचे कारण. धोका खोटा नाही. तिला नुकतेच पळवून नेलेले आपण पाहिले आहे, त्यामुळे मी हँकला भित्रा म्हणणार नाही. पण हा निर्णय त्याने एकट्याने घेतला. धोका कुणाच्या जिवाला होता? तिच्या. तो पत्करायचा की नाही, हे ठरवायचे कुणी? इतकी वर्षे बाप तिच्या वतीने ठरवत आला, आता प्रियकर ठरवतो. नवी दृष्टी मिळालेल्या या मुलीचा स्वतःचा निर्णय कुणीच गृहीत धरत नाही.

हा योगायोग असता तर मी एवढे ताणले नसते. 'अ पॅच ऑफ ब्लू'चा शेवट पाहा. गॉर्डन त्या मुलीला तिच्या भल्यासाठी अंधांच्या शाळेत पाठवून देतो आणि स्वतः मागे राहतो. १९६७ च्या 'गेस हूज कमिंग टू डिनर'मध्ये पुन्हा पॉइतिएच आहे, या वेळी नामांकित डॉक्टर. मुलीला न सांगता तो तिच्या गोऱ्या आईवडिलांना शब्द देतो, तुमची मनापासून संमती नसेल तर मी बाजूला होईन. तिथे बाप शेवटी संमती देतो, पण किल्ली त्याच्याच हातात राहते. नाकारलेल्या समाजातला नायक उच्चशिक्षित हवा, निष्कलंक हवा, शक्यतो डॉक्टर हवा, आणि वेळ आली की त्याने आपण होऊन मागे व्हायला हवे. या अटी कोण घालतो? प्रेक्षक घालतो, आपल्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. हँक मॅकॉय याच रांगेत येतो.

या भागातल्या दुसऱ्या कथानकाबद्दल थोडक्यात. हँकचा साथीदार वुल्व्हरिन 'फ्रेंड्स ऑफ ह्युमॅनिटी'च्या टोळीत सोंग घेऊन शिरतो, आणि तिचा म्होरक्या ग्रेडन क्रीड हा सेबरटूथ नावाच्या म्यूटंटचाच मुलगा आहे, हे त्याच्या अनुयायांसमोर उघडे पाडतो. क्रीड तिथल्या तिथे कोलमडतो. पाहताना बरे वाटते, पण मला हा मार्ग मान्य नाही. अनुयायी त्याच्यापासून तुटतात ते त्याच्या रक्ताची गोष्ट कळल्यामुळे. त्यांचा द्वेष तसाच राहतो, फक्त त्याचे निशाण बदलते. एखाद्याचे मूळ कूळ काढून त्याला गप्प बसवणे हे पूर्वग्रहाचेच हत्यार आहे. ते आपल्या बाजूने चालले म्हणून चांगले ठरत नाही.

आता पडद्याबाहेरची माणसे. व्हर्जिनिया राज्यातल्या सेंट्रल पॉइंट या खेड्यातले रिचर्ड लव्हिंग आणि मिल्ड्रेड. तो गोरा, ती कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वंशाची. तो गवंडीकाम करणारा. जून १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले, कारण त्यांच्या राज्यात ते गुन्हा होते. पुढच्याच महिन्यात शेरीफ रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या निजायच्या खोलीत शिरला. लग्नाचा दाखला भिंतीवर टांगलेला होता. तो इथे चालत नाही, असे सांगून त्याने दोघांना अटक केली. न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचे नाही या अटीवर ती स्थगित केली.

हँकने ज्या धोक्याचे नाव घेतले, तो या दोघांसमोर विजेरी घेऊन उभा होता. त्यांनी एकमेकांना सोडले नाही. राज्य सोडून वॉशिंग्टनमध्ये राहताना मिल्ड्रेडचा जीव रमेना. १९६३ मध्ये तिने अमेरिकेचे महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांना साधे पत्र लिहिले, तिथून प्रकरण वकिलांकडे गेले. रिचर्डने वकिलाकरवी न्यायालयाला एवढेच सांगितले की माझे माझ्या बायकोवर प्रेम आहे आणि तिच्यासोबत व्हर्जिनियात राहू न देणे हा अन्याय आहे. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवशी सोळा राज्यांत अशा लग्नांवर बंदी घालणारे कायदे लागू होते. अलाबामाच्या राज्यघटनेतून ते कलम २००० साली मतदानाने काढले, तेव्हाही सुमारे चाळीस टक्के मते ते ठेवण्याच्या बाजूने पडली. रिचर्ड आणि मिल्ड्रेड निष्कलंक नायक व्हायला निघालेले नव्हते. त्यांना आपल्या गावात, आपल्या माणसांत राहायचे होते.

आपल्याकडे बाबासाहेबांनी हीच नस १९३६ मध्येच पकडली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ज्या भाषणाला आक्षेप घेऊन परिषदच रद्द केली, आणि जे त्यांनी स्वतः छापून काढले, त्यात जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह असे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. सहभोजनाने ती मोडणार नाही, रक्ताची नाती जुळल्याशिवाय आपलेपणा येणार नाही. हे लोकशाहीत नव्हे, गुलामीत सांगितलेले आहे. त्यांच्या हयातीतच १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयातल्या फलकावर लागते. जी जोडपी घरच्यांपासून लपून तिथवर पोचतात, त्यांच्यासाठी तो महिना किती लांब असतो, हे त्यांना विचारा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध कायदा केला, कारण लग्नावरून कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत पडत होती.

यातून मला हँकच्या निर्णयाकडे नव्याने पाहता येते. त्याला वाटणाऱ्या भीतीवर त्याच्याकडे इलाज नव्हता. तो इलाज त्या रुग्णालयातल्या परिचारिकांकडे, कार्लीच्या गल्लीतल्या लोकांकडे आणि पोलिसांकडे होता. त्यांच्यापैकी कुणीही पुढे येऊन 'तुम्ही इथे राहा, आम्ही आहोत' असे म्हणत नाही. लेखकांनी ही माणसे लिहिलीच नाहीत, म्हणून हँकला त्याग करावा लागला.

ती माणसे आपल्याला इथे लागतात. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुणालाही आडकाठी करता येणार नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यांत विशेष कक्ष आणि चोवीस तासांची मदतवाहिनी उभारण्याचे, आणि सुरक्षित निवाऱ्याचा विचार करण्याचे निर्देशही त्यात आहेत. आपल्या जिल्ह्यात हा कक्ष कुठे आहे, त्याचा दूरध्वनी कोण उचलतो, निवाऱ्यात जागा आहे का, हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? उद्या सोमवार आहे, कचेऱ्या उघड्या आहेत. आपण चारपाच जणांनी मिळून पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन ते विचारून यावे, आणि जे कळेल ते पुढच्या आठवड्याच्या व्याख्यानाआधी इथल्या फलकावर लावावे, अशी मी चिटणीसांना विनंती करतो. यायला कोण तयार आहे, त्यांनी नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहा.