दम, पाय आणि नजर



आज मुलामुलींच्या फुटबॉलबद्दल बोलायचं आहे. ऐकणाऱ्यांत शाळांचे क्रीडाशिक्षक असतील, पोरांना मैदानावर पाठवणारे आईवडील असतील आणि पाड्यावर किंवा कॉलनीत पंधरा-वीस मुलं गोळा करून त्यांना खेळवणारे तरुणही असतील. तिघांनाही माझं सांगणं एकच आहे. चेंडू पायात आल्यावर काय करायचं, ते मुलाला स्वतःला ठरवू द्या. मेहनतीची सवय, पायातलं कौशल्य आणि खेळाची समज, तिन्ही गोष्टी तिथूनच वाढतात.

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, कुठल्याही मैदानावर संध्याकाळी हे दृश्य दिसतं. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी डाव्या बाजूला बचावात उभी आहे. चेंडू तिच्याकडे येतो तेव्हा तिचं तोंड रेषेकडे आणि पाठ मैदानाकडे असते. बाहेरून एकदम चार आवाज येतात, "मार! मोठा मार!" ती जीव खाऊन लाथ घालते, चेंडू रेषेबाहेर जातो आणि टाळ्या पडतात, कारण धोका टळला. पण तिच्या पाठीमागे दहा पावलांवर तिची जोडीदारीण एकटी, मोकळी उभी होती. तिच्याकडे या मुलीने पाहिलंच नाही. ठरवण्याचं काम बाहेरच्यांनी आधीच उरकलं होतं, मग पाहायचं कशाला?

अशा वेळी ओरडण्याऐवजी खेळ क्षणभर थांबवा आणि तिला शांतपणे विचारा, "चेंडू येण्याआधी मागे कोण होतं, सांगशील?" ती वळून बघेल आणि मैत्रीण तिला दिसेल. तुम्ही आणखी काही बोलू नका, खेळ पुढे सुरू करा. दोन-चार दिवसांत ती चेंडू वाटेत असतानाच खांद्यावरून मागे एक नजर टाकायला लागेल. ज्या दिवशी ती नजर दिसेल, त्या दिवशी पास चुकला तरी तिला शाबासकी द्या.

खेळाची समज म्हणतात ती हीच. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ जागा पाहण्यात, जागा घेण्यात आणि पुढचा अंदाज बांधण्यात जातो. नॉर्वेचे संशोधक गेअर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. चेंडू मिळण्याआधी जे मान वळवून आजूबाजूला जास्त वेळा पाहतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात, असं त्यांना आढळलं. मान वळवायला पैसे लागत नाहीत की बूट लागत नाहीत. मोखाड्याचा मुलगाही ते आजपासून करू शकतो.

आपल्या भागातल्या मुलांना अशी समज परकी नाही. कबड्डीत चढाईला गेलेला मुलगा बघा. बोनस घ्यायचा की मागे फिरायचं, कोपरारक्षक पाय धरायला येतोय का, मध्यरेषा किती लांब आहे, हे सगळं तो एका दमात जोखतो. बाहेरून कोणी काहीही ओरडलं तरी निर्णय त्याचाच असतो आणि चुकला तर बादही तोच होतो. फुटबॉलमध्ये याच मुलाला आपण रांगेत उभं करतो, शंकूंमधून चेंडू न्यायला लावतो आणि सामन्यात बाहेरून दोरी ओढत राहतो. मग म्हणतो, पोरांना डोकं नाही.

उपाय सोपा आहे. मुलांना छोटे सामने खेळवा. बावीस मुलं असतील तर अकरास अकरा नको, चारास चार किंवा पाचास पाच असे दोन-तीन सामने एकाच वेळी लावा. तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद जागा पुरते. चपला आणि विटा गोलपोस्टचं काम करतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेड क्लबने नऊ वर्षांखालच्या मुलांना आठास आठऐवजी चारास चार खेळवून पाहिलं होतं. त्यात पास दुपटीहून जास्त झाले, एकास एक झुंजी तिपटीहून जास्त झाल्या आणि गोल तर कित्येक पटींनी वाढले. मोठ्या मैदानावर जो लाजरा मुलगा अर्धा तास चेंडूला शिवत नाही, त्याला इथे मिनिटामिनिटाला काहीतरी ठरवावं लागतं.

या छोट्या सामन्यांत शिकवायचं असेल ते नियमांतून शिकवा. दोन्ही संघांना प्रत्येकी दोन गोल राखायला द्या, एक डाव्या कोपऱ्यात आणि एक उजव्या. एका बाजूला गर्दी झाली की मुलं आपोआप दुसरीकडे पाहायला शिकतात. कधी गोल करण्याआधी चार पास सक्तीचे करा. कधी एका संघात एक खेळाडू कमी ठेवा, म्हणजे कमी असताना मागे कसं सरकायचं आणि जास्त असताना मोकळा कोण हे कसं शोधायचं, ते कळेल. तुम्ही कडेला उभे राहून फक्त तीन प्रश्न विचारा. तुला काय दिसलं? मोकळं कोण होतं? जागा कुठे होती? उत्तर चुकीचं आलं तरी लगेच दुरुस्त करू नका. पुन्हा खेळू द्या, खेळच त्याला उत्तर देईल.

आता कौशल्याकडे येऊ. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात एशियाडचं सुवर्णपदक जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो आणि मूळचे गोव्याचे, मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तोही संघ रहीमसाहेबांचाच. हैदराबादेत ते वेगळ्याच स्पर्धा भरवत. एखाद्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं, तर एखादीत ड्रिबलिंगला बंदी. कौशल्य वाढवण्यासाठी त्यांनी खेळाचे नियमच बदलले. तुमच्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस असा ठेवा. उजव्या पायाने मारणाऱ्यांनी त्या दिवशी डावाच वापरायचा. सुरुवातीला हसाहशी होईल, होऊ द्या.

घरी मुलाला एक भिंत आणि एक चेंडू पुरेसा आहे. चार पावलांवरून भिंतीवर पास मारायचा, परत आलेला चेंडू एका स्पर्शात थांबवायचा आणि दुसऱ्या स्पर्शात पुन्हा मारायचा. दोन्ही पायांनी, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या स्पर्शानंतर चेंडू पायापासून एका पावलाच्या आत राहिला तर स्पर्श चांगला. चेंडूचं माप मात्र वयाप्रमाणे हवं. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा, त्यापुढे पाच नंबरचा. लहान पायांना मोठा, जड चेंडू दिला तर पोरगं नुसतं टोच्याने मारायला शिकतं. लहान मुलांकडून हेडरचा सरावही करून घेऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदी आहे आणि इंग्लंडमध्येही प्राथमिक वयात त्याचा सराव घेत नाहीत.

तिसरी गोष्ट मेहनत. आपल्याकडे मेहनत म्हणजे मैदानाला फेऱ्या, आणि उशीर झाला किंवा सामना हरला तर शिक्षा म्हणूनही फेऱ्याच. यातून मुलाला एवढंच कळतं की धावणं ही शिक्षा आहे. दम वाढवायचा असेल तर चारास चारचा सामना चार मिनिटं जोरात खेळवा, दोन मिनिटं थांबा, असं चार वेळा करा. मुलं स्वतःहून धावतील आणि चेंडूसह धावतील. मेहनत मोजायची असेल तर एकच जागा पाहा. चेंडू हातचा गेल्यावर मुलाची पुढची पाच पावलं कुठे पडतात? तो कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, की लगेच वळून मागे धावतो? ही पाच पावलं टाकणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर घ्या. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं अवघड काम टाळू लागली आणि अपयश आल्यावर लवकर ढेपाळली. ज्यांच्या प्रयत्नांचं कौतुक झालं, ती टिकून राहिली. मैदानावरही हेच घडतं. "काय मस्त खेळतोस" यापेक्षा "चेंडू गेल्यावर लगेच मागे आलास, ते आवडलं" हे मुलाच्या जास्त उपयोगी पडतं.

आता आपल्या हवामानाचं बघू. शाळांच्या स्पर्धा बऱ्याचदा ऐन पावसात येतात. चिखलात जमिनीवरचा पास डबक्यात अडकतो. तेव्हा चेंडू थोडा उचलून द्यायला शिकवा आणि डबकं कुठे आहे ते सामन्याआधी मुलांनाच फिरून पाहू द्या. तोही समजेचाच धडा आहे. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ लगेच थांबवा, मुलांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत मैदानावर आणू नका. झाडाखाली तर कधीच उभं करू नका. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात आपल्या किनाऱ्यावर घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. सराव सकाळी लवकर ठेवा, पाणी दर पंधरा मिनिटांनी द्या आणि पाणी पिणं हा कमजोरपणा समजू नका. भातकापणीनंतर खाचरं खेळायला मोकळी होतात, पण खुंट पायात घुसतात. अनवाणी खेळवण्याआधी जमीन साफ करून घ्या. केळवे, चिंचणीकडच्या मुलांना ओहोटीला मिळणारी घट्ट ओली वाळू म्हणजे आयतं मैदान आहे. काचा तपासा, भरतीची वेळ आधी विचारून ठेवा आणि मुलांना पाण्याकडे जाऊ देऊ नका.

बोईसरला कारखान्यांत पाळ्या असतात. वडील रात्रपाळीला, आई कामावर, आणि घरी मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, उडिया अशा नाना भाषा. अशा वस्तीत फुटबॉलइतका सोपा मेळ दुसऱ्या खेळात क्वचित जमतो, कारण मोकळ्या जागेत धावून पास मागायला भाषा लागत नाही. मुलींसाठी मात्र वेळ सांभाळा. सराव उजेडात संपला, परत जायला सोबत असली आणि कपडे बदलायला बंद खोली मिळाली, तर आईवडील मुलीला पाठवतात. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले. आपल्या मुलींनी मोठा फुटबॉल आता जवळून पाहिला आहे.

निवडीबद्दल दोन शब्द. बारा-तेरा वर्षांच्या संघात उंच, दांडगी मुलं आधी निवडली जातात, आणि त्यांतली बरीचशी वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली असतात, हे जगभर दिसून आलं आहे. आपल्याकडे तर शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख इतक्यांची असते की खरं वय कळतच नाही. म्हणून आज जो बुटका आहे, पण मान वळवून खेळतो, त्याला संघाबाहेर काढू नका. उंची दोन वर्षांत येईल. तोवर त्याने खेळ सोडलेला असेल, तर ती उंची आपल्या काय कामाची? तेरा वर्षांपर्यंत कोणाचीही जागा पक्की करू नका. आजच्या गोलरक्षकाला उद्या पुढे खेळवा.

आता एका तासाचा आराखडा सांगतो, हवं तर लिहून घ्या. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाच्या पायात चेंडू, नसेल तर दोघांत एक. पुढची पंधरा मिनिटं चौकटीच्या कडेला चार आणि मध्ये एक. कडेच्यांनी पास फिरवायचे, मधल्याने चेंडू काढून घ्यायचा, ज्याचा चुकला तो मध्ये जाणार. त्यानंतर पंचवीस मिनिटं नियम बदलून छोटे सामने. शेवटची दहा मिनिटं मुलांचा मोकळा खेळ, त्यात मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही.

१५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाआधी, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. पण खेळाडू घडतो तो रोजच्या त्या एका तासात, आणि तो तास तुमच्या हातात आहे. क्रीडाशिक्षकांनो, मुलांच्या चुका सहन करा. आईबाबांनो, सामन्याच्या कडेला टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका. आणि मुलगा किंवा मुलगी घरी आली की गोल किती झाले हे विचारण्याआधी विचारा, "आज मैदानात तुला काय काय दिसलं?" हा प्रश्न आजच्या संध्याकाळपासून विचारायला लागा, एवढीच माझी कळकळीची विनंती.