क्लच गेला की क्लचचे तेल गेले?



मुळशीकडून येताना चांदणी चौकापुढे उतार लागतो. तो उतरला की कोथरूड आले. तिथे सिग्नलला गाडी थांबते. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही. मागे भोंगे वाजू लागतात. मग कोणी म्हणतो, "क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवा." खर्च ऐकून माणूस घाबरतो. पण थांबा. आधी काय पाहायचे, ते आम्ही सांगतो.

काही गाड्यांचा क्लच तारेने ओढला जातो, तर काहींचा तेलाने. पेडल दाबले की वरच्या सिलिंडरातले तेल नळीतून खालच्या सिलिंडरात जोर लावते आणि क्लच सुटतो. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून जोर पोचतो. हवा मात्र आकसते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की पाणी येत नाही ना? इथेही हवा शिरली की काम अडते.

कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही मोटारी तपासणारी संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. तिथे मोठमोठी यंत्रे आहेत. आपल्याला मात्र डोळे आणि हात पुरेत.

एक : बॉनेट उघडून तेलाची डबी पाहा. तेल खालच्या रेघेखाली गेले असेल, तर बहुधा गळती आहे.

दोन : पेडलच्या वरच्या बाजूला हात फिरवा. ओले लागले तर वरच्या सिलिंडरचे रबर गेले. गिअरबॉक्सपाशी ओले असेल तर खालचा सिलिंडर पाहावा.

तीन : पेडल चार-पाच वेळा भराभर दाबा. तेवढ्याने गिअर पडला, तर नळीत हवा आहे किंवा सिलिंडरचे रबर जोर धरत नाही.

आणि इंजिन ओरडते, पण गाडी चढ चढत नाही, असे असेल तर? मग बहुधा क्लचप्लेट झिजली आहे. तो खर्च खरा.

एक गोष्ट विसरू नका. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची डबी एकच असते. तिथे तेल कमी होणे म्हणजे ब्रेकलाही धोका. नुसते तेल ओतून उतार उतरू नये. आधी गळती बंद करून घ्यावी.

तेल कोणते घालायचे, ते डबीच्या झाकणावर लिहिलेले असते : डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिनचे तेल घातले तर रबर फुगून खराब होते. आता आपल्याला वाचता येते. मग झाकण वाचावे आणि मेस्त्रीला विचारावे, "दादा, गळती कुठे आहे ते दाखवा." विचारायला पैसे पडत नाहीत.