आपल्या अंगातला 'आनंद'
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शास्त्रीय विषयावर बोला, पण कोणाला डुलकी येणार नाही असे बोला, अशी मला चिटणीसबाईंची ताकीद आहे. म्हणून मी आज भांगेवर बोलणार आहे. केसांत पाडतो ती नव्हे, घोटतात ती! (हशा)

आपल्या कोल्हापुरात थंडाई म्हटली की तालीम आठवते. बदाम, खसखस घोटून पैलवान पितात त्या थंडाईत भांग नसते. भांगेची थंडाई निराळी. वैद्यकात या भांगेला 'विजया' म्हणतात, आणि अलीकडे ही विजया गोळ्या व तेलाच्या रूपाने गुडघेदुखीवर, निद्रानाशावर विकली जाऊ लागली आहे. आपल्यातल्या दोघीतिघींनी मला बाटली दाखवून विचारले, "बाई, घेऊ का?" एका शब्दात उत्तर देववेना. ते आज सविस्तर देते.

भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची लेकरे. त्यांत नशा आणणारे मुख्य द्रव्य कोणते, हे १९६४ साली इस्रायलमधील रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शोधून काढले. प्रयोगासाठी लागणारा चरस मेशुलम यांनी पोलिसांकडून मागून घेतला आणि चक्क बसमधून नेला! पण झाडातले द्रव्य माणसाच्या मेंदूवर चालते तरी का? कुलूप असल्यावाचून किल्ली लागत नाही. ते कुलूप १९८८ साली अमेरिकेत सापडले. मग साहजिकच प्रश्न आला, की देवाने हे कुलूप काही गांजा ओढणाऱ्यांसाठी घडवले नसणार. आपल्या शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. १९९२ साली जेरुसलेमला डुकराच्या मेंदूतून ती हाती आली. विल्यम डिव्हेन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिला आपल्या संस्कृतातला शब्द घेऊन नाव दिले 'आनंदामाइड'. पुढे १९९५ साली तिची आणखी एक बहीण सापडली.

ही द्रव्ये करतात काय? पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढणारी भात वाढते आहे, पुरेसा झाला की जेवणारी पानावर आडवा हात धरते, "पुरे!" मेंदूत एक मज्जापेशी दुसरीला निरोप वाढत असते. घेणाऱ्या पेशीला पुरेसे झाले की ती आपल्याच आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून जागच्या जागी हे द्रव्य तयार करते आणि उलट दिशेने पाठवते. वाढणारीचा हात थांबतो. काम झाले की ते द्रव्य लगेच मोडून टाकले जाते. साठा नाही, कोठी नाही. वेदना, भूक, झोप, भीती, स्मरण या सगळ्या पानांवर हा आडवा हात लागतो. रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर दुसऱ्या जातीची कुलपे असतात. सूज आवरण्याशी त्यांचा संबंध आहे. आईच्या दुधातही ही द्रव्ये सापडतात. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांची ही कुलपे औषधाने बंद केली, तेव्हा ती दूध ओढीनात आणि बहुतेक दगावली.

आता गांजा घेतला की काय होते, ते तुम्हीच सांगाल. कोणी एक पाहुणा येऊन साऱ्या पंगतीच्या पानांवर तासन्‌तास हात धरून बसतो. ज्याला हवे त्यालाही वाढता येत नाही. म्हणून वेदना कमी वाटली तरी आठवण गडबडते, तोल जातो. घरात कॉलेजची मुले असतील त्यांनी, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मुलींनी, याच्या वाटेस जाऊ नये. हे द्रव्य दुधातून बाळाकडे जाते.

उलटा प्रयोगही झाला. भूक मारण्यासाठी ही कुलपे बंद करणारे रिमोनाबँट नावाचे औषध २००६ साली युरोपात निघाले. वजने उतरली खरी, पण माणसे खिन्न होऊ लागली, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ साली तेथे त्याची विक्री थांबली. २००९ साली आपल्या देशातही बंदी आली. आडवा हातच बांधून टाकला तर दुसरे काय होणार?

मग अंगचा आनंदच थोडा जास्त वेळ टिकवला तर? स्कॉटलंडमधील एका बाईंची हकीकत २०१९ साली प्रसिद्ध झाली. आनंदामाइड मोडणारी यंत्रणा त्यांच्या अंगात जन्मतःच मंद. हाताच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही दुखले नाही, चिंता म्हणून ठाऊक नाही. हेवा वाटतो ना? पण हात भाजला तर करपल्याचा वास आल्यावर कळायचे, आणि खुब्याचा सांधा पार झिजला तरी पत्ता नव्हता. शिवाय विसराळूपणा. हीच यंत्रणा मंद करणारी गोळी गुडघेदुखीच्या रोग्यांना देऊन पाहिली. रक्तातले आनंदामाइड वाढले. दुखणे मात्र खोट्या गोळीहून अधिक कमी झाले नाही. तो निकाल २०१२ सालचा.

तेव्हा, बाटली घेऊ का? या झाडातून खरे औषध निघाले आहे. कॅनाबिडिऑल हे त्यातले दुसरे एक द्रव्य. लहान मुलांच्या दोन भयंकर अपस्मारांवर ते २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. पण ते मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे. शेजारणीला गुण आला म्हणून आपण घ्यायचे हे त्यात बसत नाही. ज्या भगिनी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात त्यांनी विशेष जपावे. कॅनाबिडिऑलने त्या गोळीचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. बाटली घरी आलीच असेल तर ती आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी, दोन्ही आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू नका.

अंगचे आनंदामाइड बिनपैशाने वाढते असा एक मार्ग मात्र मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेत माणसे, कुत्री आणि फेरेट नावाचे मुंगसासारखे प्राणी पट्ट्यावर पळवून रक्त तपासले. माणसांत आणि कुत्र्यांत ही द्रव्ये वाढली, फेरेटमध्ये नाही. पुढे असेही आढळले, की सावकाश चालण्याने फारशी वाढ होत नाही; दम लागेल पण बोलता येईल इतपत वेग हवा. आपण रंकाळ्यावर गप्पा मारीत जी फेरी मारतो आणि शेवटी भेळेच्या गाडीशी थांबतो, ती फेरी यात धरलेली नाही. (हशा)