हातची आवृत्ति कोणती?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून हें तर संगणकवाल्यांचें काम, त्यांत एका निवृत्त शाळामास्तरानें कां डोकवावें, असें कांहींजणांस वाटेल. परंतु हा प्रश्न मुळांत आमच्याच धंद्यांतला आहे. वर्गांत "पान बेचाळीस काढा" म्हणावें आणि चार मुलांना धडाच सांपडूं नये, कारण त्यांच्या हातीं थोरल्या भावाचें जुन्या आवृत्तीचें पुस्तक, हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाहीं? तेथें फार तर पांच मिनिटें फुकट जातात. ज्या प्रोग्रॅमांवर आज बँका आणि रुग्णालयें चालतात, त्यांच्या बाबतींत आवृत्तीचा घोटाळा इतका स्वस्त पडत नाहीं.

प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, अनेक हातांनीं सतत बदलत असते. म्हणून प्रत्येक फेरफार कर्त्याच्या नांवानिशीं व तारखेनिशीं नोंदून ठेवणारें भांडार लागतें. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं एस्‌सीसीएस्‌ नांवाची अशी पद्धत रचली. तिच्या पुढच्या पिढ्यांतील दोनच आज घेऊं.

सबव्हर्जन ह्या पद्धतीचें काम २००० सालीं सुरू झालें. तींत भांडार एके ठिकाणीं असतें आणि दर नोंदीला चढता क्रमांक मिळतो. त्यापूर्वींच्या सीव्हीएस्‌मध्यें प्रत्येक फाइलीचा क्रमांक निराळा असे. येथें सबंध भांडाराला एकच. मग आपल्या प्रतीचा क्रमांक विचारणें सोपें, असें वाटतें. 'एस्‌व्हीएन्‌ इन्फो' म्हटलें कीं तो दिसतो. पण गंमत अशी कीं, आपण एकच फाइल दुरुस्त करून भांडारांत नोंदवली, तर नवा क्रमांक तेवढ्या फाइलीला लागतो; बाकीची प्रत मागल्याच क्रमांकावर राहते. म्हणून 'एस्‌व्हीएन्‌व्हर्जन' ही दुसरी आज्ञा विचारावी. ती '४१२३:४१६८एम्‌' असें कांहींसें उत्तर देते. प्रत ह्या दोन क्रमांकांच्या दरम्यान मिसळलेली आहे, आणि शेवटचा 'एम्‌' सांगतो कीं नोंद न केलेले फेरफारही तींत आहेत. माझ्या मतें ह्या एका अक्षराची किंमत साऱ्या आंकड्यांहून अधिक. कारण तें असतांना नुसता क्रमांक सांगणें म्हणजे अर्धेंच खरें सांगणें होय.

गिटची तऱ्हा वेगळी. लिनस टोरवाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें लिनक्सच्या कामासाठीं ती रचली. येथें प्रत्येकाजवळ संपूर्ण भांडार असतें, त्यामुळें चढता क्रमांक देणार कोण? त्याऐवजीं नोंदीच्या मजकुरावरून गणितानें एक खूण निघते. मूळ रीतीप्रमाणें ती चाळीस अक्षरांकांची. 'गिट रेव्ह-पार्स हेड' म्हटलें कीं ती मिळते. तिच्यावरून आधीची नोंद कोणती आणि नंतरची कोणती हें मात्र कळत नाहीं. त्यासाठीं 'गिट डिस्क्राइब' आहे. जवळची नांवानिशीं ठेवलेली आवृत्ति कोणती आणि तिच्यापुढें किती नोंदी झाल्या, हें ती सांगते.

'हेड' हा शब्द दोन्हींकडे आहे, आणि घोटाळा तेथेंच होतो. सबव्हर्जनमध्यें हेड म्हणजे भांडारांतील अगदीं ताजी नोंद. गिटमध्यें हेड म्हणजे आपण सध्यां हातीं घेतलेली नोंद. माझी एक भाची ह्याच कामांत आहे. ती म्हणते, "मामा, क्रमांक कोणता तें मागाहून. आधीं सांगा, तुम्ही विचारतां आहांत कोणाला?" आपली प्रत 'ओरिजिन'शी, म्हणजे मूळ भांडाराशीं, जुळती आहे, असें 'गिट स्टेटस' सांगतो, तेव्हां तो त्या दूरच्या भांडाराला विचारीतच नाहीं, मागल्या खेपेस जें आणलें, त्याच्या आठवणीशीं ताडून बोलतो. ती खेप महिन्यापूर्वींची असली तरी उत्तर तेंच. खरें ताजें जाणावयाचें तर आधीं 'गिट फेच' करावें, किंवा 'गिट एल्‌एस्‌-रिमोट'नें थेट तेथेंच विचारावें.

आतां एक घडलेली गोष्ट. १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंत नाइट कॅपिटल ह्या शेअरबाजारांतील कंपनीनें आपला नवा प्रोग्रॅम सुरू केला. यंत्रें आठ, नवी संहिता सातांवर चढली, आठव्यावर जुनीच राहिली. कित्येक वर्षें न वापरलेला एक भाग त्या जुन्या संहितेंत होता. तो जागा झाला आणि सुमारें पंचेचाळीस मिनिटें भराभर सौदे करीत सुटला. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ति आहे हें लोकांस तत्काळ उमगलें नाहीं. त्यांनीं उलट त्या सात यंत्रांवरचीच नवी संहिता काढून टाकली, आणि मग तींही जुन्यासारखीं वागूं लागलीं! नुकसान ४६ कोटी डॉलरांहून अधिक झालें.

भांडारांतील क्रमांक अचूक असून भागत नाहीं, तो चालत्या यंत्रानेंही सांगितला पाहिजे. ह्यासाठीं प्रोग्रॅम तयार होतांनाच 'गिट डिस्क्राइब'चें उत्तर त्याच्या पोटांत घालून ठेवतात. न नोंदलेले फेरफार असल्यास शेवटीं 'डर्टी' असा शेराही जोडतां येतो. लिनक्समध्यें तशी सोय आहेच. ही युक्तीही नवी नव्हे. एस्‌सीसीएस्‌बरोबर 'व्हॉट' नांवाची एक आज्ञा असे. तयार प्रोग्रॅमांत दडलेली चार अक्षरांची ठरावीक खूण ती हुडकून काढी आणि तिच्यापुढें लिहिलेली आवृत्ति वाचून दाखवी.