परीक्षेची भीती

दहावीच्या पेपराच्या दिवशी मुलाच्या पोटात गोळा येतो, हात गार पडतात. आपण म्हणतो, "घाबरतोस काय असा?" वस्तुतः ते ढोंग नव्हे, भित्रेपणाही नव्हे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या ग्रंथात दाखविले, की भीतीच्या वेळी ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जलद चालते, पचन मंदावते. देह झुंजायला वा पळायला सज्ज होतो. बिचाऱ्याला काय ठाऊक, की समोर वाघ नसून बीजगणित आहे! मुलाला एवढे समजावून सांगा. शेजारी बसा, श्वास सावकाश सोडायला लावा, त्याला बोलू द्या. भीती थोडी उरेलच. पण मूल तिच्यापाशी एकटे राहणार नाही. आणि निकाल काहीही लागो, घर आपलेच आहे, हे त्याला परीक्षेआधीच सांगून ठेवा.