जनुकातील चूक आणि औषधाची वाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कर्करोग हे नाव एक, परंतु व्याधी अनेक. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते. तीत एखाद्या अक्षराचा जरी फेर झाला, तरी वाढ अनावर होऊ शकते. जुनी औषधे वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर प्रहार करीत. नवी औषधे नेमक्या त्या चुकीचा वेध घेतात.

रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब हे या मार्गावरील पहिले मोठे यश. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन जे विकृत प्रथिन निर्माण होते, त्याला ते जखडून ठेवते. अमेरिकेत २००१ साली ते संमत झाले.

सर्वच जनुके अशी वश होत नाहीत. फुफ्फुस, मोठे आतडे व स्वादुपिंड यांच्या कर्करोगांत वारंवार आढळणारे 'के-रास' हे त्यांतील सर्वांत हट्टी. त्याचे प्रथिन इतके गुळगुळीत, की औषधाला धरावयास खाच सापडेना. अखेर २०१३ साली कॅलिफोर्नियातील केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेला त्याच्या एका विकृत प्रकारात दडलेली खोबण गवसली, आणि २०२१ साली फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी सोटोरासिब संमत झाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र बहुधा निराळा बदल असतो. तेथे हे औषध निरुपयोगी.

परंतु शोध लागला म्हणजे औषध हाती आले, असे नव्हे. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागणारा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने याच दिल्लीत १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुण वाढत नसेल, तर मक्तेदारी नाही, हे आपल्या कायद्याचे तत्त्व न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी उचलून धरले. कंपनीच्या औषधाला त्या काळी दरमहा सुमारे १,२०,००० रुपये पडत; देशी औषध ८ ते १० हजारांत मिळे. सर्वस्वी नव्या द्रव्यांना मात्र ही ढाल लागू पडत नाही. तो लढा पुढेच आहे.

तोवर आपण एवढे करू शकतो. गावाकडून एखादा आप्त उपचारांसाठी 'एम्स'ला आला, की आपण राहण्याची सोय करतो, रांगेत उभे राहतो. त्याबरोबरच डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : या रोगात जनुकचाचणी उपयुक्त आहे काय, आणि असल्यास बदल कोणता निघाला? उत्तराविना महाग औषधामागे धावणे म्हणजे शेत विकून आंधळा बाण सोडणे होय. अशा चाचणीचा भार ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी मंडळाने सुवर्णमहोत्सवी निधीतील एक वाटा राखावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.